लहान मुलाची ओसीडी थेरपी : घरच्यांनी काय करायचं, काय थांबवायचं

एप्रिल-मे महिन्यांत देहरंग धरणाचा साठा खाली गेला की जुन्या पनवेलमध्ये पाणी जपून वापरावं लागतं. अशा दिवसांत सात वर्षांचं मूल बेसिनपाशी पंधरा-पंधरा मिनिटं हात धूत उभं राहिलं, की आतून पहिला आवाज येतो तो ‘नळ बंद कर!’ असा. मूल नळ बंद करतं, ओल्या हातांनी आईपाशी येतं आणि विचारतं, ‘आता स्वच्छ झाले ना? नक्की ना?’ आई म्हणते, ‘हो रे राजा, झाले.’ ओरडणं काय किंवा समजूत काढणं काय, दोन्ही काळजीपोटीच. पण मुलाला ओसीडी असेल, तर ओरडण्याने ते एकटं पडतं आणि समजूत काढण्याने त्याच्या आजाराला खतपाणी मिळतं. थेरपी सुरू झाल्यावर घरात बदलायचं असतं ते हेच. मुलाला द्यायचा आधार वाढवायचा आणि आजाराला होणारी मदत हळूहळू बंद करायची.

खोड की आजार?

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो. हाताला घाण लागली आहे, दाराची कडी नीट लागली नाही, मी नीट पाया पडलो नाही तर बाबांना काहीतरी होईल. या विचाराने आलेली भीती शमवण्यासाठी मूल एखादी कृती ठरावीक पद्धतीने, ठरावीक वेळा करत राहतं. कृती केली की जरा बरं वाटतं. थोड्या वेळाने तोच विचार परत येतो आणि तीच कृती पुन्हा करावी लागते.

लहान मुलांचे हट्ट आणि क्रम यापेक्षा वेगळे असतात. तोच पेला हवा, गोष्ट त्याच शब्दांत हवी, फरशीच्या रेघेवर पाय द्यायचा नाही, हे दोन ते सहा वर्षांच्या कितीतरी मुलांमध्ये दिसतं. त्यात त्यांना मजा येते आणि क्रम मोडला तरी थोडं रडून ती विसरतात. ओसीडीत मजा नसते, धास्ती असते. तज्ज्ञ ढोबळमानाने तीन गोष्टी बघतात: यात दिवसातला तासाहून जास्त वेळ जातो का, मुलाला त्रास होतो का, आणि शाळा, जेवण, झोप, खेळ यांपैकी काही अडतं का.

सहा-सात वर्षांच्या मुलाला मनातला विचार नीट सांगता येत नाही. ‘बरोबर वाटत नाही’, ‘असं केलंच पाहिजे’, एवढंच ते म्हणतं. शिवाय या वयात कृती एकट्याची नसते, त्यात आई-बाबाही ओढले जातात. झोपताना ‘गुड नाइट’ चार वेळा त्याच सुरात म्हणायचं, बाहेरून आल्यावर दप्तर पुसून द्यायचं, एकाच प्रश्नाचं तेच उत्तर पुन्हा द्यायचं. घरातल्यांना ही सवय इतकी अंगवळणी पडते की आपण आजाराचे नियम पाळतो आहोत हे लक्षातच येत नाही.

एक गोष्ट मात्र लगेच डॉक्टरांना सांगायला हवी. ही लक्षणं एक-दोन दिवसांत एकदम, पुरती भरात सुरू झाली असतील, विशेषतः ताप किंवा घशाच्या संसर्गानंतर, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काही मुलांमध्ये यामागे शारीरिक कारण असू शकतं आणि त्याची तपासणी वेगळी असते.

आणि दोष कुणाचा, हा वाद घरात सुरू होण्याआधीच संपवा. आजी फार सोवळं पाळते, आई कामाला जाते किंवा बाबा रागीट आहेत म्हणून ओसीडी होत नाही. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि मेंदूच्या कामकाजाचाही. आई-वडिलांपैकी कुणाला स्वतःला असाच त्रास असेल, तर तो थेरपिस्टना मोकळेपणाने सांगा. त्यावर उपचार घेतल्याने मुलालाही फायदा होतो.

थेरपीत काय करतात

ओसीडीवर सर्वांत जास्त अभ्यासलेली मानसोपचार पद्धत म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. जी भीती वाटते तिच्या जवळ थोडं थोडं जायचं आणि एरवी भीती घालवण्यासाठी केलेली कृती या वेळी करायची नाही, एवढाच तिचा गाभा. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने या मार्गाने सुधारलेल्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि तिथून ही पद्धत वाढत गेली.

लहान मुलांना हे झेपेल का, ही शंका रास्त आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच ते आठ वर्षांची १२७ मुलं होती. निम्म्या मुलांना पालकांसह ईआरपीवर आधारलेली थेरपी दिली, उरलेल्यांना पालकांसह शिथिलीकरण, म्हणजे अंग आणि मन सैल सोडण्याचे व्यायाम. चौदा आठवड्यांनंतर पहिल्या गटातल्या सुमारे ७२ टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात सुमारे ४१ टक्क्यांमध्ये. म्हणजे हे लहान मुलांना जमतं, पण त्यात पालक हवेत. आणि नुसतं दीर्घ श्वास घ्यायला शिकवणं पुरत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? थेरपिस्ट मुलाबरोबर भीतीचा जिना तयार करतात. समजा, मुलाला चपलांची घाण हाताला लागण्याची धास्ती आहे. खालच्या पायरीवर असेल चपलांच्या रॅकजवळ उभं राहणं. मग रॅकला बोट लावणं. मग स्वतःच्या चपलेचा पट्टा धरणं. त्याच्या वर, चप्पल हातात घेऊन दारापर्यंत नेणं आणि नंतर हात न धुता चित्र रंगवायला बसणं. प्रत्येक पायरीवर मूल शून्य ते दहामध्ये भीतीचा आकडा सांगतं. अगदी लहान असेल तर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांवर बोट ठेवतं. मग सगळे थांबतात. कुणी समजूत काढत नाही आणि नळाकडेही धावू देत नाही. बऱ्याचदा काही वेळाने आकडा आपोआप खाली येतो. नाही आला, तरी मुलाला एक गोष्ट कळते: भीती वाटत असतानाही बसून राहता येतं आणि ज्याची धास्ती होती ते घडत नाही.

यात मुलाला कुठल्याही खऱ्या धोक्यात घालत नाहीत. त्याच्या वर्गातलं इतर कुठलंही मूल जे सहज करतं, तेवढंच त्याच्याकडून करून घेतात. जेवणाआधी आणि शौचाला जाऊन आल्यावर हात धुवायचेच. फक्त एकदा, साबण लावून, सगळे धुतात तितकेच.

पहिल्या भेटीआधी

आठवडाभर एक वही ठेवा. कोणती कृती, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती वेळ चालली आणि त्या वेळी घरातल्या कुणी काय केलं, हे चार रकान्यांत लिहा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आपण किती वेळा उत्तर दिलं, किती वेळा पुन्हा कपडे बदलून दिले, किती वेळा उशिरा निघालो, हे कागदावर उतरलं की थेरपिस्टना पहिल्याच तासात कामाचा धागा मिळतो. मुलाचा लपून व्हिडिओ काढू नका. तो दाखवला गेल्याचं कळलं, तर मुलाचा विश्वास जातो.

मुलाला काय सांगाल? ‘डॉक्टरांकडे जायचंय’ म्हटलं की त्याला इंजेक्शन आठवतं. म्हणून सरळ सांगा: ‘तुझ्या मनात सारखी येणारी काळजी तुला त्रास देते ना, तिला कसं सामोरं जायचं हे शिकवणाऱ्या ताईंकडे आपण जाणार आहोत. मी आणि बाबा पण शिकणार आहोत.’ ‘शहाण्यासारखा वाग, नाहीतर त्यांच्याकडे नेईन,’ अशी धमकी कधीही नको. ज्या दाराची धास्ती आपणच घातली, त्या दारातून मूल हसत आत जाणार नाही.

कुणाकडे जायचं

ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात केली तरी चालेल. पनवेल महापालिकेच्या हद्दीतच कामोठ्याला एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. पहिल्या तपासणीसाठी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातही विचारता येईल. पनवेलहून ठाण्याला थेट लोकल आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, तिथे आहे. हार्बरने कुर्ल्याला गाडी बदलली की शीव येतं आणि तिथल्या महापालिका रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. कुठेही जाण्याआधी ओपीडीचा वार आणि वेळ फोनवर विचारून घ्या. आज कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. निदान आणि औषधं हे त्यांचं काम. थेरपी बहुतेक वेळा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट देतात. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. आणखी चार प्रश्न विचारा: लहान मुलांच्या ओसीडीवर तुम्ही काम केलं आहे का? ईआरपी करता का? सेशनमध्ये आम्हाला घेणार का? घरी रोज काय सराव करायचा? यातल्या दुसऱ्या प्रश्नाला ‘आम्ही मुलाशी गप्पा मारतो, त्याला रिलॅक्स करतो’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरा थेरपिस्ट शोधा.

शत्रूला नाव द्या

थेरपिस्ट अनेकदा मुलाला आजाराला एक नाव द्यायला सांगतात. कटकट्या, हुकूमसिंग, चिकटू, जे त्याला सुचेल ते. त्यामुळे मूल म्हणजे आजार नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळतं. ‘तू पुन्हा हात धुतोस?’ याऐवजी ‘कटकट्या पुन्हा हुकूम सोडतोय वाटतं!’ असं म्हणता येतं आणि मूल तुमच्या बाजूला येऊन उभं राहतं. नाव मुलानेच ठेवायचं. फक्त ते भूत, पिशाच, राक्षस असं नको. आपल्याकडे ‘लागलंय’, ‘झपाटलंय’ हे शब्द घरात आणि शेजारी सहज ऐकू येतात. मुलाच्या आत कुणी शिरलं आहे, अशी नवी भीती त्यातून उभी राहायला नको.

घरातली मदत कमी करताना

आता सगळ्यात अवघड भाग. आठवड्यातून एक तास थेरपिस्टकडे जातो, बाकीचा सगळा वेळ मूल घरात असतं. त्यामुळे खरी थेरपी स्वयंपाकघरात, बेसिनपाशी आणि अंथरुणावर होते.

आजाराला हवं ते करून देणं म्हणजे सावकाराकडून कर्ज घेणं. आजची वेळ निभावते, पण उद्या मागणी व्याजासकट वाढते. तीनदा म्हटलेलं ‘गुड नाइट’ महिन्याभरात सहावर जातं. तरीही सगळी मदत एका दिवसात बंद करायची नाही. ते मुलाला शिक्षेसारखं वाटेल आणि तुम्हालाही पेलणार नाही. थेरपिस्टशी बोलून एकच गोष्ट निवडा, सोप्यातली सोपी. मुलाला आधी सांगा: ‘सोमवारपासून मी गुड नाइट एकदाच म्हणणार. पुन्हा म्हटल्याने कटकट्या मोठा होतो. तुला अवघड जाईल हे मला माहीत आहे. मी शेजारीच बसेन.’

पहिले काही दिवस रडणं वाढेल. मूल चिडेल, ‘तुझं माझ्यावर प्रेमच नाही,’ असंही म्हणेल. हा उपचार फसल्याचा पुरावा नाही. आतापर्यंत मिळत आलेलं अचानक बंद झालं की मागणी आधी वाढतेच. याच टप्प्यावर नमतं घेतलं, तर जास्त रडलं की मिळतं, हे मूल शिकतं. म्हणूनच निवडलेली गोष्ट इतकी लहान हवी की ती तुम्ही शेवटपर्यंत पाळू शकाल.

खात्री मागणाऱ्या प्रश्नांना दोन वाक्यं पुरतात. ‘हा प्रश्न तुझा की कटकट्याचा?’ आणि ‘उत्तर तुला माहीत आहे; आपण थोडा वेळ खात्री नसताना बसून बघू या.’ आवाज शांत ठेवा. भाषण नको, पुरावे देणं नको. ‘अरे, जंतू असे लागत नाहीत,’ हा युक्तिवाद सुरू केला की तासभर वाद चालतो आणि तो वाद हीच नवी कृती होऊन बसते.

हे करताना खोटी हमीही देऊ नका. ‘काहीच होणार नाही, देवाशपथ,’ म्हणणं सोपं आहे. पण अनिश्चितता सहन करायला शिकणं हाच तर या थेरपीचा धडा आहे.

शाबासकी भीती न वाटल्याबद्दल नको, प्रयत्नाबद्दल द्या. ‘आठवर आकडा होता तरी तू बसून राहिलास,’ हे वाक्य बक्षिसापेक्षा मोठं. तरीही लहान मुलांना डोळ्यांना दिसणारं काहीतरी लागतं. फ्रिजवर कागद लावा, रोजच्या सरावाला एक चांदणी चिकटवा. पाच चांदण्या झाल्या की संध्याकाळी वडाळे तलावावर चक्कर, दहा झाल्या की रविवारी कर्नाळ्याला पक्षी बघायला. पैसे आणि मोबाइल टाळा. मिळालेली चांदणी कुठल्याही कारणाने परत काढून घेऊ नका.

घरातले बाकीचे

आई ‘एकदाच’ म्हणते आणि आजी हळूच येऊन आणखी तीनदा म्हणून जाते, असं झालं तर उपचार जागच्या जागी राहतो. आजी-आजोबांना एकदा सेशनला न्या. सुनेने सांगितलेलं पटायला वेळ लागतो, थेरपिस्टनी सांगितलेलं लवकर पटतं. त्यांनाही काम द्या: चांदणी चिकटवायची आजोबांनी, सरावाच्या वेळी शेजारी बसायचं आजीने.

देवाधर्माशी जोडलेली भीती असेल, तर तिथेही तज्ज्ञांच्या सल्ल्याने नियम ठरवा. काही मुलांना मनात देवाबद्दल वाईट शब्द आला म्हणून पुन्हा पुन्हा नमस्कार करावा लागतो आणि गणपतीच्या दिवसांत हा त्रास वाढू शकतो. घरातले बाकीचे एक नमस्कार करतात, तर त्यानेही एकच करायचा. हे आजोबांनी किंवा ओळखीच्या गुरुजींनी त्याला एकदा प्रेमाने सांगितलं तर फार उपयोग होतो. मात्र एकदाच, रोज नाही. ‘देव शिक्षा करेल,’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. नवस बोलायचा तर बोला, पण त्यासाठी थेरपी चुकवू नका.

भावंडांनी चिडवायचं नाही आणि पहारेकरीही व्हायचं नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातला काही वेळ वेगळा काढा; घरातलं सगळं लक्ष एकाच मुलाकडे गेलं की दुसरं मूल मुकाट्याने दुखावतं.

शाळेत वर्गशिक्षकांना भेटा. वहीतलं अक्षर पुन्हा पुन्हा खोडणं, प्रश्नपत्रिका अर्धी राहणं, सारखं बाथरूमला जाणं, हे आळस किंवा खोडकरपणा नाही, हे त्यांना कळायला हवं. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई आहे. पण भेटीची सुरुवात कायद्याने करू नका. थेरपिस्टचं छोटं पत्र न्या आणि एकच विनंती करा. उदाहरणार्थ, ‘खोडरबर दप्तरातच राहू द्या, चूक झाली तर एक रेघ मारून पुढे जाऊ द्या.’ वर्गासमोर आजाराची चर्चा नको, हेही सांगा.

औषधं लागतात का?

लहान मुलांमध्ये त्रास सौम्य किंवा मध्यम असेल तर सहसा आधी थेरपीच सुचवतात. त्रास तीव्र असेल, मूल शाळेत जाऊच शकत नसेल किंवा सराव सुरू करण्याइतकीही ताकद नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ औषध सुचवू शकतात. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात सात ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये थेरपी आणि औषध एकत्र दिल्यावर निकाल सर्वांत चांगले आले. ही औषधं लगेच काम करत नाहीत, पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर मुलाच्या वागण्याकडे लक्ष ठेवा. बेचैनी, चिडचिड, झोप उडणं, स्वतःला इजा करण्याची भाषा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बरं वाटतंय म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. ते हळूहळूच कमी करायचं असतं.

मागे सरकलं तर

परीक्षा, आजारपण, नवं घर, भावंडाचा जन्म अशा वेळी लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून सगळं वाया गेलं असं समजू नका. वही काढा, शेवटच्या जमलेल्या पायरीवर या आणि तिथून पुन्हा चढा. थेरपी संपतानाच थेरपिस्टना विचारून ठेवा: कोणत्या खुणा दिसल्या की पुन्हा यायचं?

मूल जेवण किंवा पाणी टाळू लागलं, मरणाबद्दल बोलू लागलं किंवा धुऊन धुऊन हातांच्या त्वचेला भेगा पडून रक्त येऊ लागलं, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका.

तुम्हीही थकाल. एखाद्या रात्री चौथ्यांदा ‘गुड नाइट’ म्हणून टाकाल. दुसऱ्या दिवशी ते थेरपिस्टना सांगा आणि नियम पुन्हा सुरू करा. मुलाला सगळं बरोबर करणारे आई-वडील नको असतात. रोज थोडं थोडं सारखंच वागणारे हवे असतात. म्हणून या आठवड्यात दोनच कामं करा: वही सुरू करा आणि तज्ज्ञांची वेळ घ्या.